टाइमबाबूंचा भरवसा

टाइमबाबू आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा फाटकाबाहेर उन्हात नुसते उभे राहिले. आम्ही त्यांना सव्वाचारला बोलावलं होतं आणि चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नीला, म्हणजे माझी बायको, खिडकीतून बघत म्हणाली, "मीटर बघायला आलाय वाटतं कोणी, आणि मीटर सापडत नाहीये त्याला." मी बाहेर जाऊन 'या' म्हटलं, तर त्यांनी हाताचा पंजा दाखवला. अजून पाच मिनिटं. मग मीही त्यांच्याबरोबर उन्हात उभा राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही. त्यांच्यासमोर माणसाचं असंच व्हायचं.

बरोबर सव्वाचारला ते आत आले. मनगटावर घड्याळ नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "घड्याळ मिलचं होतं. मिल बंद झाली, जमा करून दिलं."

साठीच्या थोडे अलीकडचे. पांढरा शर्ट, खाकी पँट, खिशात दोन पेनं, एक काळं आणि एक लाल. उज्जैनच्या एका कापड मिलमध्ये ते टाइमकीपर होते. पाळी सुरू होताना फाटकाशी बसायचं आणि कोण वेळेवर आला, कोण उशिरा, ते मस्टरवर चढवायचं. वेळेवर आलेला काळ्या शाईत, उशिरा आलेला लाल शाईत. त्यांचं खरं नाव आडनावासकट मला माहीत होतं, पण ते नाव घेऊन हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. आमच्या अख्ख्या फ्रीगंज भागात ते टाइमबाबू.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मिलमधले लोक नेहमी सांगत. एकदा त्यांचे वडील आजारी पडले. यांचा सख्खा धाकटा भाऊ त्याच मिलमध्ये होता. तो डॉक्टरला बोलावून, औषध देऊन मग कामावर आला. सात मिनिटं उशीर झाला. टाइमबाबूंनी लाल पेन काढलं आणि सात मिनिटं लिहिली. लोक म्हणाले, "अरे बाबू, भाऊ आहे तुझा, तुझ्याच बापासाठी थांबला होता." तर हे म्हणाले, "माहीत आहे. म्हणूनच नीट मोजले." यात भावावरचं प्रेम होतं की नव्हतं, हे मी पुष्कळ वर्षं शोधतो आहे. तो भाऊ मात्र ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगायचा, म्हणजे गोंधळ आणखीच.

त्या वर्षांत उज्जैनमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. मिलचे भोंगे बंद पडले आणि घराघरांवर केबलच्या तारा आल्या. पूर्वी आमच्याकडचे लोक गावाला जायचे ते लग्नाला, नाहीतर तेराव्याला. आता ते नुसतेच जायला लागले. उठले की मनाली, उठले की गोवा. आणि याच लोकांनी नेमकी त्याच सुमाराला पांढरी, केसाळ कुत्री पाळायला घेतली. घरात जीव आणायचा आणि मग घर सोडून हिंडायचं, हे गणित मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण त्यातून टाइमबाबूंना काम मिळालं खरं.

सुरुवात मिलच्या एका अधिकाऱ्यापासून झाली. तो पंधरा दिवस बाहेर जाणार होता. त्याने विचारलं, टाइमबाबू, माझा कुत्रा सांभाळाल का? हे म्हणाले, "म्हणजे तुमच्या जागी बदलीवर?"

मिलमध्ये कायमचा कामगार रजेवर गेला की त्याच्या मागावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, दुसरा माणूस उभा करत. तो बदलीवाला. बदलीवाल्याचे नियम कडक. मूळ माणूस जसा माग चालवतो तसाच चालवायचा, स्वतःची अक्कल पाजळायची नाही, आणि मूळ माणूस परत आला की मुकाट्याने बाजूला व्हायचं. टाइमबाबूंनी हे नियम जसेच्या तसे कुत्र्यामांजरांना लावले. जनावराला कळताच कामा नये की मालक गेला आहे. त्यासाठी ते आधी तीन दिवस घरी येत, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत आणि मालकाला शिकून घेत.

होय, मालकाला. जनावराकडे ते ढुंकूनही पाहत नसत.

एका प्रोफेसरांच्या पोपटासाठी ते रोज दुपारी दोन ते तीन घोरत, कारण प्रोफेसर घोरत. प्रोफेसरांच्या बायकोच्या मते आवाज इतका हुबेहूब होता की शेजारणीला वाटलं, साहेबांनी सहल रद्द केली. एका डॉक्टरीणबाईंना रोज सकाळी फोनवर कोणाला तरी झापायची सवय. त्या गेल्या की टाइमबाबू नऊ वाजता रिसीव्हर उचलून, पलीकडे कोणी नसताना, दहा मिनिटं झापत. कुत्रं समाधानाने पायाशी पडून राही. हे ऐकून लोक हसत आणि पुढच्या सुट्टीसाठी त्यांच्याकडेच नंबर लावत. कारण त्यांच्या हाती दिलेलं जनावर कधी वाळलं नाही, पळालं नाही, रुसलं नाही. "टाइमबाबू आहेत ना, मग निश्चिंत जा," असं लोक एकमेकांना सांगत. मिल गेल्यावर या माणसाजवळ उरलं होतं ते एवढंच.

आम्हाला मात्र सहलीला जायचं नव्हतं. माझ्या आईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिन्याभरात मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, त्यापलीकडे थांबलात तर मी जबाबदार नाही. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येताना देवास गेटपाशी ऑटोत मला विचारलं, "साहेबाचं काय?"

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. गावठी, म्हातारा, एका कानाने बहिरा. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, त्याला रस्त्यावरून उचलून आणलं होतं. आप्पा जन्मभर कचेरीत कारकून. कचेरीतल्या साहेबाला 'बस' आणि 'गप्प राहा' म्हणायची त्यांची इच्छा नोकरीत राहून गेली होती, म्हणून त्यांनी कुत्र्याचं नाव साहेब ठेवलं. आईला हा कुत्रा आप्पा असेपर्यंत डोळ्यासमोर चालत नसे. आप्पा गेले आणि आई त्याची झाली. मागच्या अंगणाचं दार लावून ती त्याला दोन्ही वेळा स्वतः जेवायला घाली. तो दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाही, हे घरातलं ठरलेलं वाक्य होतं. आणि ते खरंही होतं. नीलाने ताट ठेवलं की साहेब भिंतीकडे तोंड करून बसे.

आम्ही माणसं शोधली. शेजारचे काका तयार झाले, पण त्यांनी पहिल्याच दिवशी साहेबाला जिलबी दाखवली आणि आईने त्यांना बाद केलं. दूधवाला म्हणाला, "हमारे यहाँ चार भैंसें हैं भिया, उसमें एक कुत्ता क्या भारी पड़ेगा!" आई म्हणाली, "म्हैस आणि साहेब एक आहे का?" जनावरांच्या डॉक्टरचा कंपाउंडर पिंजरा घेऊनच आला. आई त्याच्याशी बोललीसुद्धा नाही. असे बारा दिवस गेले. मी चिडलो. म्हटलं, "आई, तुझ्या जिवापेक्षा तो कुत्रा मोठा आहे का?" ती म्हणाली, "मोठा नाही रे. पण तो उपाशी राहील आणि मी तिकडे टेबलावर पडून तेच बघत राहीन."

तर असे टाइमबाबू आमच्याकडे आले. नीलाने त्यांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवले होते. त्यांनी एकही विचारू दिला नाही. "जनावर नंतर पाहू," ते म्हणाले, "आधी सांगा, मी कोणाच्या बदलीवर आहे?"

"आईच्या," मी म्हटलं.

"ठीक. मग मी माईंना बघून घेतो."

दोन दिवस ते आईला बघत होते. ती पदर कसा खोचते, कोणत्या पायाची चप्पल आधी घालते, स्तोत्र म्हणताना कुठे अडखळते. आई वैतागली. "बाबू, माझ्याकडे असं टक लावून बघू नका हो, मला भाजी फोडणीला टाकता येत नाहीये." तर हे म्हणाले, "तुम्ही टाका ना माई, मी तर इथे नाहीच आहे." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी परीक्षा घेतली. एका हातात आईच्या चार बांगड्या चढवल्या, खांद्यावरून पंचा पदरासारखा घेतला, आईचं स्तोत्र आईच्याच चुकांसह म्हटलं आणि ताट ठेवलं. नीला हसून हसून जमिनीवर बसली. साहेबाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

टाइमबाबू हसले नाहीत. बांगड्या काढून ठेवत म्हणाले, "कुठे तरी मस्टरमध्ये गडबड आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीआड लपून बसले. मला कल्पना नव्हती. आई नेहमीप्रमाणे ताट घेऊन मागे गेली, दार लावलं. दहा मिनिटांनी आत आली आणि आंघोळीला गेली. मग टाइमबाबू आले. घामाने निथळत होते. मला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेले.

"भैयासाब," ते हळू आवाजात म्हणाले, "माई तर स्वतःच बदलीवर आहेत."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. दार लावलं की आई खुंटीवरचा आप्पांचा जुना तपकिरी स्वेटर घालते. चैत्राचं ऊन, तरीसुद्धा. आप्पांच्या वेताच्या खुर्चीवर त्यांच्यासारखी एक पाय दुमडून बसते. दोनदा खाकरते आणि जाड आवाज काढून म्हणते, "चला साहेब, फाईल टेबलावर ठेवली आहे. सही करून टाका." मग ताट पुढे सरकवते.

आप्पा असंच म्हणायचे. अगदी असंच. मी त्या घरात राहत होतो, रोज त्या बंद दारावरून जात होतो, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मला रडू आलं. त्याच वेळी, खरं सांगतो, त्या माणसाचा संतापही आला. माझ्या आईला असं लपून बघायचा यांना काय अधिकार? काय करावं ते न कळून मी त्यांना चहा विचारला.

आई बाहेर आल्यावर टाइमबाबू तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले. इतर कोणासमोर ते असे बसलेले मी पाहिले नाहीत.

"माई, परमनंट तर आप्पासाहेब होते," ते म्हणाले. "तुम्ही त्यांच्या जागी किती दिवसांपासून आहात?"

आईच्या लक्षात आलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "दोन वर्षं झाली. वर चार महिने."

"मध्ये सुट्टी घेतली?"

"सुट्टी कोण देणार?"

"मिलमध्ये तर बदलीवाल्यालाही सुट्टी होती माई. मी देऊन देतो."

आणि त्यांनी खरोखर खिशातून मिलच्या रजेच्या फॉर्मचं एक जुनं पिवळं पान काढलं, गुडघ्यावर ठेवून काळ्या पेनाने भरलं आणि आईपुढे धरलं. आईने सही केली. तिने कधी नोकरी केली नव्हती. सही करताना तिचा चेहरा पहिल्यांदा पगार घेणाऱ्या माणसासारखा झाला होता. त्या संध्याकाळी टाइमबाबूंनी स्वेटर घालून, खाकरून, फाईल टेबलावर ठेवली, आणि साहेबाने ताट चाटूनपुसून साफ केलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही मुंबईच्या गाडीत बसलो.

मुंबईहून मी दर दोन दिवसांनी एसटीडी बूथवरून आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर बोलायचो. ठरलेल्या वेळी टाइमबाबू तिथे हजर असायचे. "साहेब हजर, घर हजर. ठेवतो." मी ओरडायचो, "अहो, जेवतो का तो?" उत्तर एकच. "रपट परत आल्यावर. मध्ये रपट देत नसतात." रपट म्हणजे त्यांचा अहवाल.

ऑपरेशन चांगलं झालं. झडप नवी बसली. पण आई जेवेना. मामाकडे मुलुंडला तिला महिनाभर ठेवलं. मामीने शिरा केला, खीर केली, डॉक्टरांनी टॉनिक दिलं. आई दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. "अगं, काय होतंय?" विचारलं तर म्हणायची, "काही नाही होत. आता माझं काम काय आहे?" डॉक्टर म्हणाले, छाती ठणठणीत आहे, पण अशी राहिली तर टिकणार नाही. मला रात्रंदिवस त्या पिवळ्या कागदाचा राग यायचा. हिला सुट्टी दिलीच कशाला या माणसाने?

आम्ही परत आलो तेव्हा टाइमबाबू फाटकाशी उभे होते, हातात त्यांची हजेरीची वही. मी सामान घेऊन पुढे झालो. आई अजून ऑटोत होती, नीला तिला धरून उतरवत होती. टाइमबाबूंनी उभ्या उभ्याच रपट दिली.

"भैयासाब, एक अजब झालं. दुसऱ्या दिवशी स्वेटर धुवायला पडला होता, आणि माझा गळा बसला होता. मी तसंच ताट ठेवलं. खाऊन घेतलं त्याने. तिसऱ्या दिवशीही. पूर्ण दीड महिना बिना स्वेटर, बिना आवाज, पोट भरून जेवला. त्याला बदलीवाला नकोच होता."

ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. नीला आणि ऑटोवाला मिळून आईला उचलत होते. आईचे हात नुसत्या काड्या झाले होते.

"माई जेवत नाहीत?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

आई आत येऊन कोचावर टेकली तसे ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. वही पाठीमागे धरलेली.

"माई, माझ्याकडून नाही झालं," ते म्हणाले. "तीन दिवस तर त्याने तोंडच नाही लावलं. नंतरही अर्धं खायचा, अर्धं सोडायचा. तुमचा आवाज मला नाही जमला."

"म्हणजे?" आई म्हणाली. दीड महिन्यात तिचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "म्हणजे माझा कुत्रा उपाशी ठेवलात तुम्ही?"

"हो."

"आणि फोनवर सगळं ठीक म्हणत होता?"

"मी फक्त हजर आहे म्हणत होतो, माई."

आईने मग त्यांना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. माझी आई कोणाला असं बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. खोटारडे, कामचुकार, म्हाताऱ्या मुक्या जनावराचा शाप घेणारे. टाइमबाबू मान खाली घालून ऐकत होते, शाळेतल्या मुलासारखे. मी 'आई, अगं' म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी पंजा दाखवला. मी तोंड मिटलं. का मिटलं? मला अजून माहीत नाही. आई मग कोणाचा हात न धरता उठली. "नीला, कणीक काढ," म्हणाली. "आणि माझ्यासाठीही दोन टाक. रिकाम्या पोटी मला तिथे बसवणार नाही." साहेब तिच्या मागे मागे गेला. अंगणाचं दार लागलं. थोड्या वेळाने आतून खाकरण्याचा आवाज आला.

साहेब वाळला होता का? मी त्याला नीट न्याहाळलं. पूर्वी होता तसाच होता. निदान मला तसंच वाटलं. मी टाइमबाबूंना म्हटलं, "तुमची वही दाखवा. त्यात काय लिहिलंय बघू." ते म्हणाले, "रपट दिली, वही बंद," आणि वही घेऊन निघून गेले. सख्ख्या भावाची सात मिनिटं न सोडणारा माणूस. त्याने एकाच दिवशी, एकाच घरात, पाच मिनिटांच्या अंतराने दोन रपटी दिल्या होत्या. खोटी कोणती, हे तुम्हाला लगेच कळलं असेल. मलाही कधीकधी कळतं. आणि कधी वाटतं, मला बरं वाटावं म्हणून त्यांनी खोटं मलाच सांगितलं असेल.

आई मात्र सुधारत गेली. साहेबासाठी दोन्ही वेळा उठायची, त्याच्याबरोबर जेवायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टाइमबाबूंची कथा सांगायची. फ्रीगंजात बातमी पोहोचवायला माझी आई एकटी पुरेशी होती. आधी प्रोफेसरांनी दुसरा माणूस पाहिला, मग डॉक्टरीणबाईंनी. वर्षाच्या आत टाइमबाबूंना कोणी बोलावीनासं झालं.

एकदा ते मला टावर चौकात दिसले. बुटांच्या एका दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसले होते, आत जाणाऱ्यांच्या पिशव्या ठेवून घेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "टाइमबाबू, मी लोकांना खरं सांगतो. हे बरोबर नाही होत आहे."

त्यांनी एका बाईची पिशवी घेऊन बिल्ला दिला. मग मला विचारलं, "माई किती पोळ्या खातात?"

"दोन. कधी तीन."

"मग राहू द्या ना भैयासाब," ते म्हणाले. "का हलवता."

त्यानंतर थोड्या दिवसांनी आमच्या गल्लीत नवीन आलेलं एक जोडपं घरी आलं. त्यांना आठ दिवस केरळला जायचं होतं, घरात लहानसं कुत्रं होतं. कोणीतरी त्यांना टाइमबाबूंचं नाव सांगितलं होतं, आणि आम्हाला अनुभव आहे म्हणून ते विचारायला आले होते. आई जेवत होती. ती आता नेहमीसारखी सुरू होईल, असं मला वाटलं. पण त्या दिवशी ती थांबली, घास हातात तसाच ठेवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मी सांगितलं तर लोकांना वाटतं म्हातारी चिडून बोलते. तू सांग. माणूस भरवशाचा आहे का?"

ती तिघं माझ्याकडे बघत होती.

"नाही हो," मी म्हटलं. "त्या माणसाच्या भरवशावर राहू नका."

आईने मान डोलावली आणि नीलाकडे आणखी एक पोळी मागितली.